पणजीची शाल
अंडं उबवत बसलेल्या किवी पक्ष्याच्या नराला मोकाट कुत्र्याने फाडलं. टेरीनाने ते अंडं उराशी धरून घरी आणलं, पण पुरात पूल गेला होता आणि उबवणी केंद्र पलीकडे राहिलं. “मावशी, गारठतंय गं! खोऱ्यातलं हे शेवटचं.” मेरेपेका मावशीने पेटीतून पणजीची शाल काढली, शेकडो किवींच्या पिसांनी विणलेली. “अगं मावशी, ती तर फक्त मयतावर घालतात!” “मयताला कसली थंडी वाजते? दे ते अंडं इकडे.” पूर्वजांची क्षमा मागून, प्रार्थना पुटपुटत मावशीने अंडं शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं. दुपार कलली तरी ती हलली नाही. अचानक आतून लाथ बसली. “आत्तापासून लाथा! आपल्याच घराण्यातलं दिसतंय.” टेरीना हसणार तोच तिची नजर शालीवर गेली. प्रत्येक लाथेसरशी शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या पाखरांची ती पिसं, श्वास घेतल्यासारखी, हळूच वर उचलली जात होती.