भिंतीचं माप

सेल्समनने मान डोलावली, हसला आणि टीव्ही फिरवून त्याची मागची बाजू दाखवली.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

"चालणार नाही म्हणतोय," मुलगा म्हणाला. "इकडचा टीव्ही तिकडे नाही चालत, बाबा. व्होल्टेज वेगळं, प्लग वेगळा. चला."

बाबांना इथली भाषा येत नव्हती, पण आकडे कळत होते. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि मागची पट्टी वाचली. शंभरपासून दोनशे चाळीस व्होल्टपर्यंत.

"अरे, हा दोन्हीकडे चालेल. आणि प्लगचं काय, तो बदलता येतो. जन्मभर थिएटरात मशीन चालवलं मी. बापाला वायरी शिकवतोस होय?"

आई तोंडाला पदर लावून हसली. मुलगा हसला नाही. "घरी जाऊन बोलू," म्हणाला.

टीव्ही हवा होता तो आईसाठी. बाबांनी शहरभराला सिनेमे दाखवले, पण बायकोच्या शेजारी बसून एकही पाहिला नाही. ती खाली खुर्चीत एकटी आणि हे वर केबिनमध्ये. आता वेळच वेळ होता, तर तिच्या डोळ्यांनी दगा दिला. घरचा टीव्ही एवढासा. त्याला नाक लावून बसली तरी तिला नुसत्या सावल्या हलताना दिसायच्या. इथे मुलाच्या हॉलमध्ये मोठा पडदा होता. आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी ती सोफ्यावरून ओरडली होती, "अहो, ती बाई रडतेय! डोळ्यांत पाणी दिसतंय मला!"

तेव्हापासून बाबांनी टीव्हीचा ध्यास घेतला होता.

जेवताना विषय पुन्हा निघाला.

"तिकडची चॅनेलं दिसणार नाहीत त्याच्यावर," मुलगा म्हणाला.

"चॅनेलं डबीतून येतात. वायर जोडली की झालं."

"विमानात फुटेल."

"तू सोडायला येणार आहेस ना? मांडीवर घेऊन बस."

"बाबा, तिकडे लाइटचा काय भरवसा? कधी जाते, कधी येते. बिलं मीच भरतो, मला माहीत आहे."

ते खरं होतं. निघण्याआधी बाबांनी मुखत्यारपत्र करून घराची सगळी कटकट मुलाच्या गळ्यात घातली होती. त्यांना ऑफिसांच्या पायऱ्या चढायचा मनस्वी कंटाळा.

"आपल्याकडची लाइट आणि पाहुणे," बाबा म्हणाले, "गेले तरी परत येतातच."

आईला ठसका लागला इतकी ती हसली. सून मात्र उठून ताटं आवरायला लागली.

"उगाच पोराच्या मागे लागू नका हो," आई म्हणाली. "कामाने दमून येतो तो. एवढंसं तोंड झालंय त्याचं."

"मग तिकिटं तरी काढलीस का रे?" बाबांनी विचारलं.

"काढतो. रजा मंजूर झाली की लगेच." मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "एवढी काय घाई आहे? इथे काही कमी पडतंय का?"

"कमी कशाला पडेल? पण आपलं घर ते आपलं घर."

मुलाने बोटाने ताटात दोन-तीन रेघा ओढल्या. मग म्हणाला, "घ्या. तुमची इच्छा आहे ना, घ्या."

बाबांना वाटलं, पोरगा शेवटी वळणावर आला.

रविवारी टीव्ही आला. आईने खोक्यावर चादर घातली, धूळ बसायला नको म्हणून. येता-जाता ती त्यावरून हात फिरवायची. कुठे लावायचा, यावर दोघांचं छोटंसं भांडणही झालं. शेवटी हॉलमधली खिडकीसमोरची भिंत ठरली. आता घोडं अडलं ते मापावर. एवढं धूड त्या भिंतीवर मावेल का?

"वायरमनला फोन लावा," आई म्हणाली. "घराची नस न् नस त्याला ठाऊक आहे."

घरातली प्रत्येक वायर त्यानेच ओढली होती. अलीकडे त्याने कामाला दुसरं गाव धरलं होतं, पण बाबांचा आवाज ऐकून खूश झाला. म्हणाला, "काका, मंगळवारी तिकडे यायचंच आहे. माप घेतो आणि तिथूनच फोन करतो." किल्ली मीटरच्या पेटीत ठेवलेली असते, हे त्याला सांगावं लागलं नाही.

मंगळवारी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर बाबा पेन्सिल घेऊनच बसले. फोन वाजला तसा त्यांनी स्पीकर लावला. आई खोक्याला टेकून उभी राहिली.

"हं, बोल. किती भरली भिंत?"

"काका, किल्लीची गरजच पडली नाही. दार उघडंच होतं."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "उघडं? कुलूप फोडलंय की काय? चोरी झाली का रे?"

"छे हो, चोरी कसली! ताई घरातच होत्या ना, बाळाला भरवत होत्या. भिंत मोकळी नाही म्हणाल्या. तिथे त्यांचा टीव्ही लागलाय."

"कोण ताई?" आईने विचारलं.

वायरमन हसला.

"असं काय करताय, काकू? त्यांनीच तर विकत घेतलंय ना घर... तुमच्या मुलाकडून."