डब्याची वेळ

गॅस कंपनीच्या फाटकावर गावातलेच गार्ड, आणि किनारा वाचवायला निघालेल्या मोर्चात सगळ्यांत पुढे त्यांच्याच बायका.

“समुद्राचं वाटोळं करणाऱ्यांची राखण करताय, लाज नाही वाटत?” हेड गार्डची बायको गजांतून कडाडली.

“अगं, घरी बोलू ना.”

“घरी तुम्ही टीव्हीतून डोकं वर काढाल तर शपथ!”

जेवायची वेळ झाली, तसे बायकांनी नवऱ्यांचे डबे उंच धरले. “आधी आमची घोषणा द्यायची, मग डबा. आणि साहेबाला ऐकू जाईल अशी!”

थोड्याच वेळात वरून साहेबांचा घाबराघुबरा फोन आला. “मोर्चा आत घुसला की काय? घोषणा फाटकाच्या आतून येतायत!”



हेड गार्डने घाईघाईने घास गिळला. “नाही साहेब, मोर्चा बाहेरच आहे. आपल्यातल्या तिघांना अजून डबा मिळायचाय.”