उजव्या मनगटाची राखी

“बाबा, डावा हात पुढं करा,” परेश दुसऱ्यांदा म्हणाला. आवाज हळू, पण दातांतून.

काशिराम पाटावर बसला होता. डावा हात त्याने मांडीखाली दाबून ठेवला होता, लहान मुलं खाऊ लपवतात तसा. सदऱ्याची उजवी बाही कोपरापाशी दुमडून तिला पिन लावलेली होती. कोपराच्या पुढे हात नव्हता. समोर बहीण गुणाबाई बसली होती, ताटात निरांजन, अक्षता आणि राखी घेऊन. उजव्या बाजूला, अगदी पाटाला लागून, सोफा. करंजाड्याच्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दुसरीकडे तो मावतच नव्हता. सोफ्यावर सुमतीबाई चहा घेत होत्या. काशिरामच्या मुलीची, रियाची, सोयरीक त्यांच्या मुलाशी जवळजवळ ठरली होती. नारळी पौर्णिमेचं निमित्त काढून त्या घर बघायला आल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात होडीवर जाळं ओढताना दोराचा वेढा काशिरामच्या उजव्या हाताला बसला. हात कोपराखालून काढावा लागला. हात गेला आणि मग दुखायला लागला. तळव्याला खाज सुटायची. दोर धरलेली मूठ तशीच आवळलेली राहिली होती, ती काही केल्या उघडत नव्हती. पनवेलच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. हाताकडून येणाऱ्या खबरा मेंदूत एका ठरलेल्या जागी पोचतात. हात गेला तरी ती जागा राहते, आणि खबर येईनाशी झाली की ती स्वतःच्या खबरा स्वतःच तयार करते. पण दुखणं खोटं नसतं. यातलं बायकोला, भीमाबाईला, एवढंच कळलं की नवऱ्याला दुखतंय. परेशला एवढंच कळलं की बिघाड बापाच्या डोक्यात हाय.

सकाळीच त्याने बजावलं होतं, “आज हाताचं नाव नाय काढायचं. वेड्याच्या घरची पोरगी कोण करून घेईल?”

काशिरामने ऐकलं. सकाळभर गप्प राहिला, डाव्या हाताने चहा प्यायला, पाहुण्यांकडे बघून हसलासुद्धा. पण राखीपाशी गाडी अडली.

“डाव्याला राखी कशी रे बांदायची?” तो म्हणाला. “उजवा हाय ना माजा.”

सुमतीबाईंनी कप खाली ठेवला. रियाने मान खाली घातली. परेश हसला, हसू नये तेव्हा माणूस हसतो तसा.

“आत्या, तू बांध गो डाव्याला. त्यांचं काय मनावर घेतेस!”

गुणाबाईने अख्खा जन्म उरणच्या बाजारात मासळी विकली होती. तिचा आवाज घरातल्या मापाचा नव्हता.

“तू गप रे शाण्या. भाऊ माजा हाय. हात कुठं हाय ते तो सांगंल, तू नाय.” मग ती काशिरामकडे वळली. “दादा, कुठं हाय?”

दुखतं किती, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. काशिरामने मांडीखालचा डावा हात काढला आणि समोरच्या हवेत बोट दाखवलं.

“हितं. जरा खाली. हां. मूठ मिटलेली हाय बघ.”

गुणाबाईने तिथं राखी नेली. फ्रॉकात होती तेव्हापासून ती या मनगटाला राखी बांधत आली होती, जाडी तिला पाठ होती. तेवढा वेढा हवेत धरून तिने दोन गाठी मारल्या, हात काढला आणि ओवाळायला ताट उचललं.

राखी काशिरामच्या मांडीवर पडली.

सगळ्यांनी मांडीकडे बघितलं. काशिरामने नाही बघितलं. तो हवेतल्या त्याच जागेकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर आठी चढली.

“घट्ट झाली गो.”

सुमतीबाईंनी परेशकडे पाहिलं. सकाळपासून तो याच नजरेला भीत होता. बापाला आतल्या खोलीत न्यायचं ठरवून तो उठला, सोफा आणि पाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरून गुडघ्यावर बसला. बापाच्या काखेत हात घालणार, तेवढ्यात त्याला बापाचा डावा अंगठा दिसला. तो अंगठा हवेत, नसलेल्या दोऱ्याखाली शिरायची धडपड करत होता. सोंग करणाऱ्याचं नख असं पांढरं पडत नाही.

परेशने मांडीवरची राखी उचलली. तिथंच, त्या अंगठ्याजवळ धरली. गाठ सोडली, आणि बापाच्या बोटांना धक्का लागू न देता पुन्हा बांधली, या वेळी सैल.

“आता, बाबा?”

“आता बरं हाय.” काशिरामने लांब श्वास सोडला. “जरा मागं सर. मूठ उघडू दे मला.”

परेश मागं सरकला. त्याच्या पाठीमागे सोफ्यावर सुमतीबाईंनीही पाय आवरून घेतले.