डमी अर्ज

सिद्धेश्वरच्या रस्त्यावर नवा फ्लेक्स लागला. त्यावर माणिकराव हात जोडून उभे, पुरुषभर उंच. खालच्या कोपऱ्यात त्यांची बायको निलम. तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता, म्हणून लग्नाच्या अल्बममधून कापून घेतलेला. मुंडावळ्या तशाच राहिल्या.

सात वर्षांची आकांक्षा ओट्यावर बसून गृहपाठ करते. निलम भिंतीपलीकडून विचारते, जेवलीस का. पोरगी मान वर न करता म्हणते, "व्हय काकू."

वीजबिलाच्या मोर्चात पोलिसाची काठी बसलेला गुडघा. पायरी चढताना अजून कळ येते.

सभेला बायका आणून खुर्च्या भरणं हे एका बाईचं काम. पाहुण्यांना ओवाळायचं तिनंच. तिच्या भाषणाला मात्र वेळ उरत नाही.

ती बाई रागिणी, तो गुडघाही तिचाच. पक्षात सतरा वर्षं, त्यातली नऊ तालुका महिला अध्यक्ष. अर्जांच्या छाननीला ती साडेदहालाच औंढ्याच्या तहसील कार्यालयात येऊन बसली होती. दुखरा गुडघा चोळत होती आणि आतून चरफडत होती.

जिल्हा परिषदेचा त्यांचा गट यंदा महिलेसाठी सुटला, तेव्हा तिचा नवरा मसाजी शेरडं दुसऱ्याच्या हवाली करून पेढे घेऊन आला होता. तिकीट गेलं निलमला. गटाचे जुने सदस्य माणिकराव. जागा बाईची झाली, तर बाईही त्यांच्याच घरातली. वर त्यांनी रागिणीला बोलावून सांगितलं, ताई, तुमी डमी अर्ज भरा. पक्षाच्या फॉर्मवर पर्यायी उमेदवार म्हणून तुमचं नाव देतो. निलमचा अर्ज बाद झालाच तर चिन्ह आपोआप तुमाला. तसं काही होणार न्हाई म्हणा, पण तुमचा मान राहतो.

"डमी," मसाजी म्हणाला. "त्यापेक्षा शेतातलं बुजगावणं बरं. त्याला पाखरं तरी भितात."

रागिणीनं तरीही अर्ज भरला. निलमचा अर्ज कशानं बाद होईल, हे तिला ठाऊक होतं.

ठाऊक सगळ्या गावालाच होतं. दोन पोरींनंतर निलमला पुन्हा दिवस गेले. तिसरं लेकरू झालं की पद जातं, पुढं लढताही येत नाही. माणिकरावांना पद सोडायचं नव्हतं, आणि पोराची आशाही सुटत नव्हती. बाळंतपणासाठी निलमला नांदेडच्या एका दवाखान्यात नेलं, ते जावेच्या नावानं. पोरगीच झाली, आकांक्षा. कागदावर ती दीर शिवहारची लागली आणि तिथून ती त्याच्याच घरात वाढली. गाव गप्प बसलं. विहीर, घरकुल, गोठा, सगळं माणिकरावांच्या शब्दावर मिळत होतं.

रागिणीही गप्प बसली होती. तिला सगळ्यात जास्त राग त्याचा होता.

आज ती बोलणार होती. पिशवीत आक्षेपाचा कागद तयार होता, टाईप केलेला, खाली सही.

माणिकराव आले. मागं वकील, त्याच्या मागं निलम. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. बस म्हटल्यावर बसली. चावीची बाहुली, रागिणीच्या मनात आलं. आपण काठ्या खायच्या आणि खुर्चीवर हिनं बसायचं.

गुलाल तुमच्या हातानं उधळायचा बरं का ताई, असं माणिकराव हसत म्हणाले. तिनं व्हय भाऊ म्हटलं.

अधिकाऱ्यानं निलमचं नाव वाचलं. कोणाचा आक्षेप आहे का, विचारलं.

रागिणीचा हात पिशवीत गेला. कागद बोटांना लागला. आता चौकशी लागेल. त्या पोरीला समोर उभं करतील आणि तू कोणाची म्हणून विचारतील. हात तिथंच थांबला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

अधिकाऱ्यानं पेन उचललं.

"माझा हाय," निलम म्हणाली.

वकील घाईनं म्हणाला, बाई पहिल्यांदाच आल्यात, घाबरल्यात. माणिकरावांनी तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"मला तीन लेकरं हायत, साहेब. अर्जात दोन लिहिलंय, ते खोटं हाय. तिसरीचा जन्म कुठं झाला, कोणाच्या नावानं झाला, सगळं ह्यात लिहून सही केलीय."

अधिकाऱ्यानं कागद दोनदा वाचला. कोणाचा दबाव आहे का तुमच्यावर, असं विचारलं.

"सात वर्षं होता," निलम म्हणाली. "आज न्हाई."

माणिकरावांचा चेहरा राखेसारखा झाला. बायकोचा अर्ज गेलाच होता, त्यांचाही रस्ता त्याच कागदानं बंद झाला होता. अधिकाऱ्यानं अर्ज बाद असा शेरा मारला आणि पुढचं पान उलटून रागिणीचं नाव घेतलं. पक्षाच्या फॉर्मवर पर्यायी म्हणून ह्याच आहेत, तेव्हा आता पक्षाच्या उमेदवार ह्या.

"तुमी शिकवलं हिला," माणिकराव रागिणीवर ओरडले.

सतरा वर्षांत ती निलमशी धड दहा वाक्यं बोलली नव्हती. निलम तिच्याकडं न बघता समोरून बाहेर पडली, आकांक्षाच्या शाळेच्या रस्त्याला लागली.

पक्षाचा फॉर्म भरायच्या दिवशी माणिकराव डमी म्हणून आपल्या मामेबहिणीचं नाव लिहीत होते; चहाचा कप पुढं ठेवत निलम म्हणाली होती, त्यापेक्षा रागिणीताईंचं घाला, त्या कधी तोंड उघडत न्हाईत.