उलट्या आट्यांचा तांब्या

जेसीबी विहिरीच्या काठाशी येऊन उभा राहिला, तरी भागीरथा कागदावर सही करायला तयार नव्हती.

कागदात वावगं काही नव्हतं. तिचा नवरा देवमन एकोणीस वर्षांपूर्वी याच विहिरीतला गाळ काढायला उतरला, दरड कोसळली आणि तो वारला, एवढंच. ‘वारला’ या शब्दापाशी तिचं अडलं होतं. प्रेत मिळालं नव्हतं. तीन दिवस पाणी उपसल्यावर तळाशी एक भेग दिसली, हातभर रुंद. भागीरथेने लग्नातला फिरकीच्या झाकणाचा तांब्या गोड पाण्याने भरला आणि त्या भेगेत सोडला. पूर्णा नदीकाठच्या विहिरी खाऱ्या. तहान लागली तर माणसाने काय प्यावं? गाव हसलं नाही. सांत्वनाला आलेलं गाव चहा होईपर्यंत हसत नाही.

तांब्या मोठा बेरकी होता. त्याचे आटे उलटे. उघडायला जावं तर झाकण आणखी घट्ट बसे. तिच्या वडिलांना तो त्यामुळेच स्वस्तात मिळाला होता. ही मेख नवराबायकोने कुणालाच सांगितली नाही. पाहुण्यापुढे तांब्या ठेवायचा आणि मजा बघायची. देवमन तसा रीतीचा माणूस. शेजारची वाटी परत करताना चिमूटभर साखर टाकायचा. साखर नसली तर मीठ.

आता मुलगा ललितला विहीर बुजवून तिथे दुकान काढायचं होतं; जागा अजून बापाच्या नावावर, म्हणून हा कागद. आई शिकलेल्याचं ऐकेल म्हणून त्याने मामेभावाला बोलावलं होतं. संघपाल अमरावतीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. मादागास्करच्या किनाऱ्यावर बोअर मारून कालच परतला होता.

संघपालने भागीरथेच्या शिदोरीतली भाकर घेतली आणि हळूहळू फाडली.

“हे पाय, आत्या. आपला देश अन् मादागास्कर, एकच भाकर होती. फाटता फाटता कडा ताणल्या, पातळ झाल्या, खचल्या. त्या खोलग्यात गाळ भरला, मंग समुद्र आला. इकडच्या काठच्या थराचे जोडीदार अजूनबी तिकडच्या काठाले सापडतेत. हे पूर्णेचं खोरंबी फाटाले निघालं होतं. राहून गेलं.”

“भाकर राहू दे भाऊ,” ललित म्हणाला. “बाबा वारले, एवढं सांग न तिले.”

 संघपालने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

“तिकडच्या बोअरातून, चारशे मीटर खालून, गाळासंगं वर आला.”

तांब्या काळा पडला होता. कोरलेली अक्षरं मात्र वाचता येत होती. सौ. भागीरथा देवमन.

“कोनी भंगारात इकला असंल,” ललित म्हणाला. पण जरा मागे सरकला.

“आमी चौघं जण झाकन पिळून थकलो,” संघपाल म्हणाला. “जितकं पिळलं तितकं बसत गेलं.”

भागीरथेने तांब्या कानाशी नेऊन हलवला. पाण्याचा आवाज आला नाही. मग तिने झाकण उलटं फिरवलं. ते अर्ध्या फेऱ्यात निघालं.

आधी वास आला. जेसीबीवाल्याने न सांगता इंजिन बंद केलं.

तांब्या काठोकाठ लवंगांनी भरला होता. हिरव्या, ओल्या. देठांचा रससुद्धा सुकला नव्हता.

“तिकडं काठाले लवंगाचीच झाडं हायेत,” संघपाल खाली बसत पुटपुटला.

भागीरथेने झाकण लावलं आणि कागद ललितच्या खिशात कोंबला.

“जेसीबी वापस धाड, बाबू. तुह्या बापानं पानी पेलं, अन् भांडं रिकामं नाही धाडलं.”