अकरा महिन्यांनंतरची सही

नवरा तो कागद चौथ्यांदा वाचत होता. गोवराच्या लसीचं संमतीपत्र, जेमतेम अर्ध्या पानाचं. गेल्या वर्षी आमच्या रेवाच्या हृदयाला सूज आली, तेव्हा याच माणसाने आयसीयूच्या दारात नऊ कागदांवर न वाचता सह्या केल्या होत्या. मी शेजारीच उभी होते.

"पुन्हा सूज आली तर?" त्याने विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, सुजेवर दिलेल्या औषधामुळे लसीला अकरा महिने थांबा. थांबलो. आता आणखी कशासाठी थांबायचं?" मी म्हणाले. मला भीती वाटत नव्हती. खरं तर, आयसीयूतून परतल्यापासून मला काहीच वाटत नाही.

सिस्टर ट्रे घेऊन उभ्या होत्या. पाच वर्षांच्या रेवाने मूठ वळून हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सलाईन लावताना करायची, अगदी तसंच.

"हातावर नाही गं बाळा, दंडावर द्यायचंय," सिस्टर म्हणाल्या.

तिने निमूटपणे बाही वर केली. मग भिंतीकडे बघतच म्हणाली, "बाबा, सही कर ना. सही केली की घरी सोडतात."