पहिल्याच सामन्यात हरलेला संघ

नंदूच्या पत्राला दत्तोपंतांनी उत्तर दिलंच नव्हतं. डिसेंबरात ते अमेरिकेहून दोहाला, मुलाच्या ऑफिसच्या टपालपेटीत आलं होतं. "दत्तू, इथल्या फुटबॉलचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, जानेवारीत आहेत. मी माझा संघ निवडलाय, तू तुझा कळव. ज्याचा आधी हरेल त्याने दुसऱ्याच्या घरी यायचं. त्या निमित्ताने भेटू तरी. शाळेपासून पैजा लावतोय, आता पळू नकोस."

दत्तोपंतांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. भलतंच नाव कळवून हसं व्हायला नको, म्हणून ते दोहाच्या अल मुंतझा भागातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये नियमांचं जाडजूड पुस्तक घेऊन बसले.

"बाबा, नुसतं नाव कळवायचंय. परीक्षा नाहीये!" स्वानंद चिडवायचा.

"चाळीसच पानं राहिलीत रे."

प्लेऑफ संपले आणि नंदूच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले. शेवटपर्यंत विचारत होते, दत्तूने कुठला संघ घेतला गं?"



दुसऱ्या दिवशी दत्तोपंतांनी पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघाचं नाव कागदावर लिहिलं, खाली 'मी हरलो, येतो' एवढंच लिहिलं आणि पाकीट नंदूच्याच नावाने पोस्टात टाकलं.